फुटली की फोडली?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. दिवे लागायच्या आत सगळ्यांची जेवणं व्हायला हवीत म्हणून माझी रोजची धांदल चालली होती. गॅसवर एका बाजूला मुगाची आमटी, दुसऱ्या बाजूला तवा. मुलगा सहावीत आहे. तो स्वयंपाकघरातच, मांडीवर इंग्रजीची वही घेऊन बसलेला. पोळ्या लाटता लाटता मुलांचा अभ्यास घेणं तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी होत असेल, तसंच आमच्याकडेही.

पाणी प्यायला म्हणून तो उठला, कट्ट्यावर कोपर लागलं आणि साखरेची काचेची बरणी खाली आली.

"आई, बरणी फुटली."

"फुटली की फोडलीस?"

"मी नाही फोडली. फुटली."

मी गॅस बारीक केला. साखर सांडलेली, म्हणजे मुंग्या यायच्या आत उचलायला हवी, नाहीतर झाडूखाली जीव जाणार. दोघांनी मिळून काचा वेचल्या, साखर कागदावर गोळा केली, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. सगळं झाल्यावर त्यानं वही माझ्यापुढे धरली. "हे बघ, गृहपाठातही असंच आहे. द ग्लास ब्रोक. काच फुटली. कोणी फोडली असं कुठे लिहिलंय?"

खरं सांगते, मला उत्तर सुचेना. वाक्य अगदी बरोबर होतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. आता महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासूनच शिकवतात, त्यामुळे मुलांना शब्द पुष्कळ येतात, पण व्याकरण आलं की गाडी अडते. माझ्या मुलाला व्याख्या तोंडपाठ होत्या. ट्रान्झिटिव्ह व्हर्ब म्हणजे ज्याला ऑब्जेक्ट लागतो ते, इन्ट्रान्झिटिव्ह म्हणजे ज्याला लागत नाही ते. पण समोर वाक्य ठेवलं की पेन चावत बसायचा. शेवटी मी ठरवलं, पुस्तक बाजूला ठेवायचं आणि स्वयंपाकघरातूनच शिकवायचं. ज्यांच्या घरी पाचवी ते आठवीतली मुलं आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून ते इथं सविस्तर लिहिते. पुढची गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे.

पहिल्या दिवशी त्याला सांगितलं, "मी काय काय करते ते बघ आणि इंग्रजीत म्हण." तो म्हणत गेला. मदर फिल्टर्स द वॉटर. मदर रोल्स द डो. मदर कट्स द ककंबर. ही झाली क्रिया दाखवणारी क्रियापदं. डोळ्यांना दिसतात, त्यामुळे सोपी.

मग मी म्हटलं, "आता क्रियापद म्हणून थांब आणि 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचार." मदर फिल्टर्स, काय? पाणी. उत्तर आलं, म्हणजे सकर्मक. आजी स्लीप्स, काय? काहीच नाही. झोपण्याला काय आणि कोणाला नसतं. उत्तर नाही, म्हणजे अकर्मक. हा एक प्रश्न मुलाच्या हातात दिला की अर्धं काम होतं. फक्त 'कुठे' आणि 'कधी' याची उत्तरं कर्म म्हणून धरू नयेत, एवढं बजावायचं. ही गोज टू स्कूल यात शाळा हे कर्म नाही, ते ठिकाण आहे.

सासूबाई बाहेर ओसरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. सकर्मक, अकर्मक असे शब्द कानावर गेल्यावर त्यांनी माळ थांबवली. "काय गं, इंग्रजी शिकवतीस का पाठशाळा घेतीस?"

नातवाला तेवढंच हवं होतं. पाठशाळेत आठ कर्मं पाठ केलेली. ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय असं सगळं घडाघडा म्हणून झालं आणि मग त्यानं विचारलं, "मग आजी, सिद्ध भगवान अकर्मक का? त्यांना कर्मच नाहीत!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मी त्याला नीट सांगितलं की शब्द एक असला तरी अर्थ वेगळे. व्याकरणातलं कर्म म्हणजे क्रिया ज्याच्यावर घडते ते. आपल्या शास्त्रातलं कर्म म्हणजे आपल्या भावांमुळे आत्म्याला येऊन चिकटणारे पुद्गल. परीक्षेत घोटाळा करू नकोस. पण त्याचा प्रश्न माझ्या मनात राहिला. आपल्याकडे ही दोन शास्त्रं फार लांबची नाहीत. ज्या पूज्यपाद आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रावर सर्वार्थसिद्धी ही टीका लिहिली, त्यांनीच जैनेंद्र व्याकरण लिहिलं. क्रियापदाचा विचार करणारा आणि कर्मबंधाचा विचार करणारा माणूस एकच.

दुसऱ्या दिवशी साहाय्यक क्रियापदं घेतली. ॲम, इज, आर, डू, डिड, हॅव, हॅज. आपली मुलं इथं हमखास एक चूक करतात. आय डिड नॉट वेन्ट. हे लाल शाईनं कितीही खोडलं तरी परत येतं. मी त्याला बाजारातून आल्याचं उदाहरण दिलं. "आपण दोघं भाजी घेऊन येतो. पिशवी तू घेतलीस, तर मी परत तीच पिशवी उचलीन का? भूतकाळाचं ओझं डिडनं उचललं. आता गो मोकळ्या हातानं चालणार. आय डिड नॉट गो." ही चूक त्यानंतर फार थोड्या वेळा झाली.

हेच शब्द कधी मदतनीस तर कधी मालक असतात, हेही दाखवलं. आय डू माय होमवर्क, इथं डू स्वतः काम करतो. आय डू नॉट ईट ॲट नाइट, इथं तो फक्त हाताखाली आहे, खरं काम ईटचं. आय हॅव अ पेन यात हॅव मालक. आय हॅव फिनिश्ड माय डिनर यात मदतनीस. एकाच माणसानं दुकानात मालक असावं आणि मंदिरात पूजेला बसल्यावर सेवेकरी व्हावं, तसं.

तिसरा प्रकार म्हणजे अवस्था सांगणारी क्रियापदं. नो, बिलीव्ह, लव्ह, बिलॉंग. ही आतली असतात, हात हलवून दाखवता येत नाहीत. म्हणून त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. आय ॲम नोइंग म्हणत नाहीत, आय नो म्हणतात. जाणणं हे पोळी लाटण्यासारखं सुरू झालं आणि संपलं असं काम नाही. हे सांगताना सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "जाणणं हा जीवाचा स्वभावच आहे बाळा, तो काय काम म्हणून करतोय होय!" इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माझ्या सासूबाईंनी तो धडा माझ्यापेक्षा चांगला शिकवला.

आणि मग परत बरणीपाशी आलो.

मराठीत आपल्याकडे जोड्या आहेत. फुटणं आणि फोडणं, तुटणं आणि तोडणं, पडणं आणि पाडणं, जळणं आणि जाळणं, सुटणं आणि सोडणं. आपोआप झालं तर एक शब्द, कोणी केलं तर दुसरा. इंग्रजीत पुष्कळदा एकच शब्द दोन्ही कामं करतो. ब्रेक, ओपन, बॉइल, बर्न, स्पिल. द वॉटर बॉइल्स, पाणी उकळतं, अकर्मक. मदर बॉइल्स द वॉटर, आई पाणी उकळते, सकर्मक. क्रियापद बघून प्रकार ठरत नाही, वाक्य बघून ठरतो. शिक्षक हे सांगतात, पण मुलांच्या डोक्यात ते शिरत नाही, कारण त्यांनी क्रियापदांच्या याद्या पाठ केलेल्या असतात. याद्या पाठ करून घेऊ नका. एकच शब्द दोन वाक्यांत घालून दाखवा.

"म्हणजे माझं वाक्य बरोबरच होतं," तो म्हणाला.

"वाक्य बरोबर होतं. पण पुरतं होतं का? काच फुटली हे खरंच. पण तुझं कोपर कुठे गेलं त्यातलं?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग वहीत लिहिलं, आय ब्रोक द जार. आणि खाली मराठीत, 'माझ्याकडून बरणी फोडली गेली.'

मी म्हटलं, "अजून लपलाच आहेस."

मग त्यानं ते खोडून लिहिलं, 'मी बरणी फोडली.'

मी त्याला शाबासकी दिली. त्या दिवसापासून आमच्या घरी हा खेळच झाला. दूध उतू गेलं असं मी म्हटलं की तो ओरडायचा, "आई, दूध गेलं की तू घालवलंस? फोनवर कोण बोलत होतं?" आणि ते खरंच असायचं. पाऊस पडला, फूल उमललं, यात कोणी लपलेलं नाही. पण आपण घरात जी वाक्यं बोलतो, भाजी करपली, चावी हरवली, निरोप द्यायचा राहिला, त्यांत बहुतेक ठिकाणी कर्ता क्रियापदामागे उभा असतो. आपल्याकडे प्रमादाला दोष का म्हटलंय, ते मला मुलाच्या या खेळामुळे जास्त कळलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं.

मग भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस नेहमीसारखेच भरगच्च गेले. अभिषेक, पूजा, दुपारचं प्रवचन, संध्याकाळी प्रतिक्रमण. मुलाला मी तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव म्हणजे काय ते सांगितलं. मन, वचन आणि काया यांत वाकडेपणा नसणं. मनात एक, बोलण्यात दुसरं, करण्यात तिसरं, असं नसणं. सांगताना मला काहीच खटकलं नाही. आपल्याला दुसऱ्याला सांगताना कधी खटकतं?

क्षमावणीच्या दिवशी सकाळी मी फोन घेऊन बसले. सगळ्यांना पाठवायचा एक मजकूर मी दरवर्षी तयार ठेवते. 'वर्षभरात कळत-नकळत काही चुका झाल्या असतील, आपलं मन दुखावलं गेलं असेल, तर उदार मनाने क्षमा असावी.' यादीतून एकेकाला पाठवत होते. धाकट्या जाऊबाईंचं नाव आलं आणि बोट क्षणभर थांबलं. मुलगा शेजारी बसून वाचत होता.

"आई, यात कर्ता कुठाय?"

"काय?"

"चुका झाल्या असतील. दुखावलं गेलं असेल. कोणी केल्या? कोणी दुखावलं? हे बरणी फुटली असंच आहे की."

मैत्रिणींनो, त्याला काहीही माहीत नव्हतं. तो व्याकरणच बोलत होता. पण मी फोन खाली ठेवला आणि आत जाऊन उगाचच तांदूळ निवडायला घेतले.

झालं होतं असं. धाकट्या जाऊबाई पुण्यात नोकरी करतात. घरी पोचायला रात्रीचे आठ वाजतात. लहान मुलगी आहे, मदतीला कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी पर्वातच, मंदिरात पूजेची थाळी लावत असताना, एकीनं मला त्यांची चौकशी केली. मी हसत म्हणाले, "त्यांच्याकडे काय, रात्री नऊला कुकर लागतो. धर्म पुण्याच्या वाटेवर कुठेतरी उतरला." चारचौघी हसल्या. मी त्या हसण्यानं खूश झाले. ते वाक्य तिथून फिरत फिरत त्यांच्या कानावर गेलं. त्यानंतर दोन वर्षं त्या पर्वाला गावी आल्या नाहीत. दिवाळीला आल्या तरी पाहुण्यासारखं बसून गेल्या. सासूबाई विचारायच्या, "का गं येत नाही ती?" मी म्हणायचे, "काहीतरी गैरसमज झालाय."

गैरसमज झालाय. हेही अकर्मकच!

मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं होतं की मी त्यांना काही म्हटलं नाही. मी तर फक्त एका बाईशी बोलले. पुढे पोचवलं ते दुसऱ्यांनी. पण तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात याचा सगळा हिशेब मांडलेला आहे, आणि तो स्वाध्यायात मी किती वेळा ऐकला असेन. करायचं ठरवणं, त्याची तयारी करणं आणि प्रत्यक्ष सुरू करणं, असे संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. ते मनानं, वचनानं, कायेनं, म्हणून नऊ. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, करणाऱ्याला दुजोरा दिला, असे कृत, कारित, अनुमत, म्हणून सत्तावीस. आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी गुणलं की १०८. जपमाळेच्या १०८ मण्यांचा एक अर्थ हाच सांगतात. आपली चूक कुठल्या कुठल्या दारानं आत येते, त्याची मोजदाद.

मजा म्हणजे आठ दिवसांपूर्वीच मी मुलाला इंग्रजीतली हीच क्रियापदं शिकवली होती. आय ब्रोक इट, मी फोडलं. आय मेड हिम ब्रेक इट, मी त्याच्याकडून फोडवलं. आय लेट हिम ब्रेक इट, मी त्याला फोडू दिलं. मेक आणि लेट यांच्यानंतर मूळ क्रियापद येतं, टू लागत नाही, हेही त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. लेट म्हणजे तंतोतंत अनुमोदना नव्हे, पण तिच्या शेजारचंच घर. मी ती तिन्ही वाक्यं स्वतःवर लावून पाहिली. बोलले मी. पुढे बोलवलं मी, कारण असं वाक्य एकीच्या कानात टाकलं की ते चालत सुटणार हे मला कळत होतं. आणि बाकीच्या हसल्या तेव्हा मी त्यांना हसू दिलं, वर त्यांच्याबरोबर हसलेही. कषाय कोणता, तर मान. माझ्या घरी दिवे लागायच्या आत जेवणं होतात, याचा मान. पण माझ्या घरी सासूबाई आहेत, दुकान खाली आहे, सहाला सगळे घरात असतात. त्यात माझं कर्तृत्व किती?

मी तयार मजकूर पुसला आणि नवा लिहिला. एकेक वाक्य लिहून 'कोणी?' आणि 'कोणाला?' असं विचारत गेले. 'दोन वर्षांपूर्वी पर्वात मी मंदिरात तुझ्याबद्दल बोलले. तुझ्या घरी रात्री स्वयंपाक होतो यावरून मी तुझी चेष्टा केली. बायका हसल्या, मी त्यांना थांबवलं नाही. आईंना मी खरं सांगितलं नाही. मी तुला दुखावलं. मला क्षमा कर.'

सहा वाक्यं. लिहायला पाऊण तास लागला. पाठवताना हात थरथरत होता. त्याआधी सासूबाईंपाशी जाऊन बसले आणि त्यांनाही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. बराच वेळ माळेचे मणी तसेच बोटांत धरून बसल्या. मग म्हणाल्या, "तिला फोन मी करणार नाही. तू केलंस, तूच निस्तर."

दोन दिवस उत्तर आलं नाही. निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे वाचलं होतं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन आला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"अक्का, तुम्ही बोललात हे मला तेव्हाच कळलं होतं. दरवर्षी तुमचा तो मेसेज यायचा ना, चुका झाल्या असतील वाला, तो मी न वाचताच पुसायचे."

मी म्हटलं, "खरंय तुझं."

"मनातून लगेच जाईल असं नाही हं अक्का. पण बरं वाटलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी सकाळी लवकर उठून दोन्ही वेळचं करून ठेवायचा प्रयत्न करते. ऑफिसात सहाला डबा खाते. घरचा कुकर लागतो तो लेकीसाठी आणि ह्यांच्यासाठी. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

विचारलं असतंत तर. मला त्या वाक्याचा प्रकार मुलाला सांगता येईल, पण ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई ऑफिसात बसून दिवस मावळायच्या आत डबा खाते, आणि मी तिच्या कुकरची शिट्टी मोजत बसले होते.

त्या दिवाळीला त्या आल्या. चार दिवस राहिल्या. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही, कारण झालेलं नाही. पण एका दुपारी चकल्या तळताना त्यांची चौथीतली लेक आणि माझा मुलगा पाटावर बसले होते. तो मोठ्या ऐटीत तिला शिकवत होता. "क्रियापद म्हणायचं आणि 'काय' विचारायचं. शी फ्राइड, काय? चकली. म्हणून सकर्मक."

तेवढ्यात तिच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मी सांडलं."

जाऊबाईंनी फडकं पुढे केलं. मी दुसरं घेतलं. दोघींनी मिळून फरशी पुसली.

तुमच्या मुलांना क्रियापदं शिकवाल तेव्हा याद्या पाठ करून घेऊ नका. घरातली वाक्यं घ्या आणि त्यांना 'कोणी?' विचारायची सवय लावा. फक्त एक तयारी ठेवा, मैत्रिणींनो. एक दिवस ती तुम्हालाही विचारतील.

जय जिनेंद्र.